"तुम्हाला काही विचारायचंय?" – इंटरव्ह्यूत या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता?

पारसिक_पायथा | मंगळवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. शुक्रवारी रबाळे एमआयडीसीत इंटरव्ह्यू आहे, परचेस एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी. कामाचं काही विचारलं तर घाबरायचं कारण नाही, सहा वर्षं परचेसमध्ये काढलीत. धास्ती आहे ती शेवटच्या दोन मिनिटांची. समोरचा फाइल मिटतो आणि म्हणतो, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मागच्या वेळी महाप्याला हाच प्रश्न आला, तेव्हा "नाही सर, सगळं क्लिअर आहे" म्हणून मी हसत उठले होते. रुजू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी कळलं की माझं निम्मं काम खरेदीचं नाहीच, सप्लायरचे फोन घेण्याचं आहे. माल यायचा, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) व्हायची, बिल अकाउंट्सला जायचं आणि तिथे महिनोन्‌महिने पडून राहायचं. एक छोटा पॅकिंगवाला होता, माझ्या बाबांच्या वयाचा. रोज अकराच्या सुमारास त्याचा फोन. "मॅडम, पोरांचे पगार थांबलेत हो." सहीचा अधिकार मला नव्हता, पण ऑर्डरवर नाव माझं होतं. जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला की घास अडकायचा. माझ्या आधी दीड वर्षात तीन जण ती खुर्ची सोडून गेले होते, हे मला पॅन्ट्रीतल्या मावशींनी सांगितलं. सात महिन्यांनी मीही सोडली.

आम्ही कळव्यात भाड्याने घर घेतलं तेव्हा पाणी किती वाजता येतं, पावसाळ्यात भिंत ओलावते का, गाडी कुठे लावायची, सगळं विचारलं होतं. अकरा महिन्यांच्या करारासाठी एवढी चौकशी, आणि जिथे दिवसाचे दहा तास काढायचे तिथे तोंडातून शब्द फुटला नाही.

घरचे म्हणतात, "आधी लागू तर दे, मग विचार." तुम्ही काय विचारता? आणि विचारल्यामुळे हातची नोकरी गेली असं कुणाचं झालंय का?

संपादक_चमू | मंगळवार, रात्री १०:४१

चांगला विषय. एकच विनंती, वाईट अनुभव लिहिताना कंपनीचं, रुग्णालयाचं किंवा माणसाचं नाव नको.

जुना_वागळे | बुधवार, सकाळी ६:५०

मुली, तुझ्या घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे. मी १९८७ साली वागळे इस्टेटला टर्नर म्हणून लागलो. तेव्हा गेटवर वीस-वीस माणसं उभी असायची. फोरमन आत घ्यायचा, लेथवर उभं करायचा, ड्रॉइंग हातात द्यायचा. ट्रायल जॉब मापात उतरला तर "उद्यापासून ये." तिथे प्रश्न कोण विचारणार? ज्याने केबिनमध्ये चौकशी केली त्याला पुढारी समजायचे आणि वाट दाखवायचे. आजही छोट्या वर्कशॉपात फारसं वेगळं नाही. गरज तुला असेल तर तोंड आवरावं.

ऐरोलीकर | बुधवार, सकाळी ९:१५

काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत आहे. मी टेबलाच्या पलीकडे बसतो. ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये माझी बावीस जणांची टीम आहे आणि महिन्याला पाच-सहा इंटरव्ह्यू घेतो. "काही विचारायचं नाही" म्हणणाऱ्याला मी त्यासाठी कधी नापास केलेलं नाही. पण त्याने स्वतःचं नुकसान केलं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

पारसिकताई, लोक सहसा अडखळतात ते इथे. त्यांना वाटतं, शेवटचा प्रश्न म्हणजे हुशारी दाखवायची आणखी एक संधी. मग नेटवरून पाठ केलेलं येतं, "कंपनीचं पुढच्या पाच वर्षांचं व्हिजन काय?" मी टीम लीड माणूस, मला पुढच्या तिमाहीचं माहीत असतं. मी गोलगोल बोलतो, तो मान डोलावतो, दोघांचीही दोन मिनिटं वाया जातात.

माझा सल्ला एवढाच की "साधारण काय असतं?" असं विचारू नका, "गेल्या महिन्यात काय झालं?" असं विचारा. "शनिवारी यावं लागतं का?" याला कोणीही "कधीतरी, काम असेल तर" म्हणेल, आणि तो खोटंही बोलत नसेल. "गेल्या महिन्यात टीम किती शनिवार आली होती?" याला आकडाच द्यावा लागतो. आकडा सांगताना माणूस थांबला, तर त्या थांबण्यातही माहिती असते.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने मला विचारलं, "काल तुमच्या टीममधलं शेवटचं माणूस किती वाजता निघालं?" मला उत्तर माहीत होतं. पावणेदहा. ते तिला सांगताना लाज वाटली. तिने ऑफर घेतली नाही आणि तिचं काही चुकलं नाही. त्यानंतर मी सॉफ्टवेअर रिलीजची वेळ संध्याकाळवरून सकाळवर आणली. म्हणजे त्या प्रश्नाचा फायदा तिच्यापेक्षा माझ्या टीमला जास्त झाला.

घणसोलीची_रात्रपाळी | बुधवार, दुपारी ३:३०

आत्ताच उठले, म्हणून उशिरा लिहितेय. व्हॉइस प्रोसेसला (कॉल सेंटरला) आहे, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन.

माझ्या बहिणींनो, "पिकअप-ड्रॉप आहे" एवढ्यावर खूश होऊ नका. गाडी दारात येते की नोडल पॉइंटला, म्हणजे ठरलेल्या नाक्यावर, हे विचारा. मी पहिल्या नोकरीत विचारलं नव्हतं. पहाटे पावणेचारला गाडी मला मुख्य रस्त्यावर सोडायची आणि तिथून आत बारा मिनिटं चालायचं. जुलैच्या पावसात, दिवे गेलेले असताना, कुत्र्यांना घाबरत मी ती बारा मिनिटं चालले आहे. वडील छत्री घेऊन कोपऱ्यावर उभे राहायचे. त्यांची झोप माझ्या पगारात धरलेली नव्हती.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या दरम्यान बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेबरोबर घराच्या दारापर्यंतच्या वाहनाची सोयही करावी लागते. दारापर्यंत असं त्यात आहे, नाक्यापर्यंत नाही. मला हे दुसऱ्या नोकरीच्या वेळी कळलं. तिथे मी एचआरला विचारलं, "रूटमध्ये पहिली मुलगी असेल किंवा शेवटची, तर सोबत गार्ड असतो का?" त्यांनी लगेच हो म्हणून रोस्टर दाखवलं. तिथेच ठरवलं.

पारसिक_पायथा | बुधवार, संध्याकाळी ७:०५

ताई, वाचून अंगावर काटा आला. बाबांना नमस्कार सांगा.

ऐरोलीकर, "गेल्या महिन्यात" वहीत लिहून घेतलं. पण पगाराचं कधी विचारायचं? मॅनेजरला की एचआरला? कन्सल्टन्सीकडून "सहा लाख" एवढंच कळलंय.

हिशेबनीस | बुधवार, रात्री ९:४०

पेरोल हे माझं रोजचं काम, त्यामुळे हे मी घेतो.

पगार एचआरला विचारा, काम मॅनेजरला. आणि "सहा लाख" ऐकून बाराने भागू नका. एक नमुना मांडतो. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. बेसिक त्याच्या निम्मं, म्हणजे महिना २५,००० धरा. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो. तो १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्क्यांनी काढला तर महिना १,८००, वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची) तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०. व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) दहा टक्के असेल तर ६०,००० बाजूला. उरले ५,०३,९७०, म्हणजे महिना सुमारे ४२,०००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात ४०,०००. (फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स ३००.) पन्नास हजार डोक्यात ठेवून ईएमआय घेतलेली मुलं पहिली स्लिप घेऊन माझ्या टेबलाशी येतात, तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

म्हणून तीन गोष्टी विचारा. हातात किती येणार. व्हेरिएबल मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं. पीएफ मर्यादेवर कापता की पूर्ण बेसिकवर. पूर्ण बेसिकवर असेल तर हातात कमी येईल, पण साठेल जास्त. वाईट काहीच नाही, फक्त आधी माहीत हवं. आणि ग्रॅच्युइटी सीटीसीत दिसली तरी कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं झाल्यावरच मिळते, हे मनात असू द्या.

दिघा_फिटर | बुधवार, रात्री ११:१२

तुमच्या सगळ्यांचं ऑफिसचं चाललंय. मी आयटीआय केलंय, फिटर. आमच्याकडे इंटरव्ह्यू कंपनी घेतच नाही, ठेकेदाराचा सुपरवायझर घेतो, तोही गेटवर उभ्याउभ्या. "अठरा हजार, बारा तास, उद्या सेफ्टी शूज घेऊन ये." आम्ही काय विचारायचं?

कोर्टनाका | गुरुवार, सकाळी ८:००

दिघा_फिटर भाऊ, सर्वांत जास्त विचारायची गरज तुम्हालाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी ठाण्यात कामगारांची प्रकरणं बघतो.

पहिला प्रश्न हजेरीपटाचा, "मस्टर कोणाचा? कंपनीचा की ठेकेदाराचा?" पुढे काहीही झालं तर सगळं यावर येऊन थांबतं. दुसरा, "आठ तासांच्या पुढच्या चार तासांचे पैसे अठरा हजारांत धरलेत की वेगळे?" ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. बारा तासांचा एकच आकडा कोणी सांगत असेल, तर त्यात ओव्हरटाइम गिळलेला असण्याचीच शक्यता जास्त. तिसरा, "ईएसआयसी नंबर किती दिवसांत मिळेल?" २१,००० पर्यंत वेतन असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू होते. तुमचे ०.७५ टक्के कापतात, मालकाला ३.२५ टक्के भरावे लागतात. अठरा हजारांवर तुमचे जातात १३५ रुपये, आणि बोट मशीनमध्ये गेलं तर त्या नंबरावर उपचार आणि सुट्टीच्या काळातला पैसा उभा राहतो. पीएफचा युएएन (खात्याचा कायमचा नंबर) मिळाला की उमंग ॲपवर पासबुक स्वतः बघा. स्लिपवर कापलेले दिसणं वेगळं आणि खात्यात भरलेले असणं वेगळं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. म्हणून गेटवर उभं राहूनही "पत्र कधी मिळेल?" हे विचारता येतं. कंपनीने थेट मुदतीच्या करारावर घेतलं तर वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीही लागू होते. ठेकेदाराकडचा माणूस म्हणजे मुदतीच्या करारावरचा नव्हे, हा घोळ करू नका.

आणि कोणालाही मूळ गुणपत्रिका ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या.

नवा_पदवीधर_कोपरखैरणे | गुरुवार, सकाळी १०:२५

सर, मला दोन वर्षांचा बाँड सांगितलाय. आधी सोडलं तर दीड लाख. हे चालतं का?

कोर्टनाका | गुरुवार, सकाळी ११:१०

"बाँडला काही अर्थ नसतो" असं मित्र सांगतील, त्यावर जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात ठरावीक मुदतीआधी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट योग्य ठरवली. मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे नुकसानभरपाई वाजवी असावी लागते. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचंच नाही, अशी अट असेल तर ती कलम २७ पुढे टिकत नाही. तुम्ही एवढंच विचारा, "या पैशांच्या बदल्यात कोणतं प्रशिक्षण, किती आठवड्यांचं, कोण देणार?" उत्तर धड मिळालं नाही, तर दीड लाख कशाचे ते तुम्हीच ओळखा. सही करायच्या आधी कागद घरी न्या. घरी नेऊ देत नसतील तर सही करू नका.

नेरूळची_सिस्टर | गुरुवार, दुपारी २:४५

माझा एकच प्रश्न असतो, कुठल्याही हॉस्पिटलमध्ये गेले तरी. "रात्री रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर, आली नाही तर काय करता?"

मेट्रनबाई म्हणाल्या की "तसं होत नाही," तर मी समजते की डबल ड्युटी करावी लागणार. एका ठिकाणी मेट्रन म्हणाल्या, "होतं. महिन्यातून दोनदा झालं. मी स्वतः थांबले एकदा, एकदा वॉर्ड इन्चार्ज थांबली." मी तिथे चार वर्षं आहे. सोळा तास उभं राहिलेल्या सिस्टरच्या हातून औषधाची मात्रा चुकू शकते. हा माझ्या आरामाचा प्रश्न नाही, पेशंटचा आहे. म्हणून तो विचारताना मला कधी संकोच वाटला नाही.

जुना_वागळे | गुरुवार, संध्याकाळी ५:३०

सगळं वाचलं. फिटर पोराचं आणि सिस्टरबाईंचं दोनदा वाचलं.

काल मी लिहिलं ते अर्धंच होतं. केबिनमध्ये आम्ही विचारत नव्हतो हे खरं, पण विचारल्याशिवाय राहतही नव्हतो. गेटबाहेरच्या टपरीवर सकाळी पावणेसातला पहिली पाळी आत जायच्या आधी जाऊन बसायचं. कटिंग घ्यायचं. पगार कितव्या तारखेला होतो, मशीनला तेल वेळेवर मिळतं का, सुपरवायझर तोंडाचा कसा आहे, सगळं तिथे कळायचं. वागळेत मी एका कारखान्याच्या गेटवरून असाच परत फिरलो होतो, कारण दोन माणसांनी सांगितलं की पगार तीन हप्त्यांत होतो. पुढे वर्षभरात तिथे टाळं लागलं.

आपल्यात म्हणतात "नोकरी लागली". नळाला पाणी लागावं तशी. वाट बघणाऱ्याने काय विचारायचं, अशीच आमची समजूत होती. तू विचार, पारसिकबाई. पण उद्या अर्धा तास आधी जा आणि टपरीवर बस.

पारसिक_पायथा | गुरुवार, रात्री १०:००

काका, जाते. पाऊस आहे, विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं तर रस्ता बंद होतो, म्हणून आधी ठाण्याला जाऊन ट्रान्स-हार्बर लोकलनेच जाईन. त्यावरून सुचलं, लेट मार्कचा नियमही विचारायला हवा. महाप्याला तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापायचे, रस्ता बुडाला असला तरी.

पारसिक_पायथा | शुक्रवार, रात्री ९:१५

मंडळी, जाऊन आले. आठवतंय तोवर सगळं लिहिते.

चाळीस मिनिटं आधी पोहोचले. गेटसमोर टपरीवर दोन वॉचमन आणि खोक्यांचा माल घेऊन आलेले एक टेम्पोवाले होते. त्यांना विचारलं, "इथे बिलाचे पैसे वेळेवर मिळतात का हो?" ते म्हणाले, "उशीर होतो कधी कधी. पण फोन उचलतात. तारीख सांगतात ती पाळतात." महाप्याचे ते पॅकिंगवाले काका डोळ्यांसमोर आले.

आत मॅनेजर आणि एचआरच्या मॅडम होत्या. पाऊण तास त्यांनी विचारलं. मग तो प्रश्न आला. वही उघडली तेव्हा हात थरथरत होते, खरंच सांगते.

"ही जागा का रिकामी झाली?" मॅनेजर जरा थांबले. म्हणाले, "आधीची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली ती परत आली नाही. तिला सकाळी तासभर उशिरा यायचं होतं. आम्हाला ते जमवता आलं असतं, आम्ही जमवलं नाही." मॅडमनी खाली बघितलं. मला हे उत्तर आवडलं की नाही ते अजून कळत नाही, पण खरं होतं.

"छोट्या सप्लायरची बिलं गेल्या महिन्यात किती दिवसांत गेली?" त्यांनी इंटरकॉमवर अकाउंट्सला विचारलं. चाळीसच्या आसपास. सूक्ष्म आणि लघू उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचा २००६ चा कायदा आहेच. पण मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात वजा मिळत नाही, ही तरतूद आल्यापासून अकाउंट्स स्वतःहून मागे लागतं, असं ते म्हणाले. परचेसच्या माणसाने हे विचारलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"गेल्या महिन्यात किती शनिवार?" मॅडम म्हणाल्या, "तसं आवश्यकतेनुसार." मॅनेजर म्हणाले, "तीन." ऐरोलीकर, तुम्ही सांगितलं तसंच झालं.

पगाराचं मॅडमना वेगळं विचारलं. व्हेरिएबल आठ टक्के, मागच्या वर्षी पूर्ण दिलं. लेट मार्कला महिन्यातून दोनदा सूट.

ऐरोलीकर | शुक्रवार, रात्री ९:५०

तीन शनिवार हा जड आकडा आहे. ऑफर आली तर सही करायच्या आधी मेलवर मागा, तोंडी नको.

घणसोलीची_रात्रपाळी | शनिवार, दुपारी ४:१०

आणि त्या आधीच्या मुलीचं लक्षात ठेवा. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर पाळणाघर लागतं, आधी २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत होतं, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. तुम्हाला आज गरज नसेल, तरी विचारा. तुमच्यानंतर कुणाला तरी लागेल.

दिघा_फिटर | सोमवार, रात्री १०:३०

कोर्टनाका साहेब, आज सुपरवायझरला मस्टरचं आणि ईएसआयसीचं विचारलं. आधी चिडला, "आलास की लगेच नंबर?" मग म्हणाला, आधार आणि बँक पासबुक दे, पंधरा दिवसांत देतो. ओव्हरटाइमवर काही बोलला नाही. तारीख लिहून ठेवलीय. माझ्याबरोबर गेटवर आणखी चार जण होते, त्यांनीही आधार दिलं.

कोर्टनाका | सोमवार, रात्री १०:५५

छान केलंत. ओव्हरटाइमसाठी रोजची आत-बाहेरची वेळ वहीत लिहा, आजपासूनच. सोळाव्या दिवशी नंबर आला नाही तर मला इथेच निरोप करा.

पारसिक_पायथा | बुधवार, रात्री ८:४०

ऑफर आली. शनिवारचं मेलवर विचारलं, दोन दिवस उत्तर नव्हतं. वाटलं, गेली बहुतेक. आई पण काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. आज दुपारी सुधारलेलं पत्र आलं: दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, त्या दिवशी बोलावलं तर महिन्याच्या आत बदली सुट्टी. पाळणाघराबद्दल "विचाराधीन" एवढंच. ते रुजू झाल्यावर पुन्हा विचारेन.

एक तारखेला रुजू होतेय. टपरीवरच्या त्या टेम्पोवाल्यांनी निघताना सांगितलं होतं की त्यांचं एक बिल अडकलंय. चलन नंबर वहीत लिहून घेतलाय. पहिल्या दिवशी आधी ते बघणार आहे.